कातिमचा कागद

१

"गाडीची चावी अशी खिळ्याला लटकवून ठेवत जाऊ नका गं," नीलम म्हणाली होती. "जो येतो तो घेऊन जातो. आमच्या यांनासुद्धा देत जाऊ नका. बायको असून सांगते."

हुस्ना तेव्हा हसली होती. "अगं, गाडी कसली ती? डबा आहे डबा. चोरानं नेली तर तोच परत आणून देईल." नीलमही हसली आणि चार दिवसांनी जड पोट सांभाळत बाळंतपणासाठी अकोल्याला निघून गेली. चावी खिळ्यालाच राहिली.

नीलम आणि सुजीत बहरीनमधल्या गुदैबियातल्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत. त्यांच्या खाली हुस्ना, तिचा नवरा नजीब मुकादम आणि तीन वर्षांची लाईबा. बाहेरच्या खोलीत नजीबचा चुलतभाऊ झुबेर. तो नोकरीच्या शोधात आला होता आणि अजून शोधातच होता. नजीब मनामात शिकारीच्या आणि मासेमारीच्या सामानाच्या दुकानात कामाला. गाडी देशी परतणाऱ्या एका गोवेकराकडून घेतलेली. त्याआधी ती आणखी दोघांनी वापरली होती. तिचा सायलेन्सर फुटला होता. गल्लीच्या तोंडाशी ती फटफटू लागली की लाईबा हातातलं टाकून खिडकीकडे धावायची, "अब्बा कमिंग!"

त्या बुधवारी मात्र नजीब जेवायला आला तरी लाईबा खिडकीकडे गेली नाही.

"आज गाडीचा आवाजच आला नाही," हुस्ना म्हणाली.

"सुजीतनं सकाळी मीना सलमानच्या वर्कशॉपात नेऊन तिचं तोंड बंद करून आणलं." नजीब घाईत होता. "बुदैयाला एक माल पोचवायचाय. अस्रपर्यंत येतो."

त्या साली बुदैयाच्या रस्त्यावर नाकी बसली होती. रात्री गावांतून सरकारविरोधात टायर जळायचे आणि दिवसा पोलीस प्रत्येक गाडी थांबवायचे. परदेशी माणूस सीपीआर, म्हणजे ओळखपत्र, खिशात नाही, हातात धरूनच गाडी चालवायचा. हुस्नानं नेहमीप्रमाणे विचारलं, "कागद घेतलेत ना सगळे?"

"सगळे गाडीत आहेत."

तिसऱ्या प्रहरी अस्रची बांग झाली. नजीब आला नाही. फोन आला.

"हुस्ना, हिंदी में बात करना है," नजीब म्हणाला. लग्नानंतर पहिल्यांदाच तो तिच्याशी हिंदीत बोलत होता. शेजारी कुणीतरी उभं होतं आणि त्याला मराठी कळत नव्हतं, हे तिला समजलं. "मैं थाने में हूँ. बंदूक के सामान का काग़ज़ नहीं मिल रहा. गाड़ी में रखा था. मैंने ख़ुद रखा था. तुम..."

फोन कापला गेला.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी लाईबाला कडेवर घेऊन ती ठाण्यात गेली. नजीबला भेटू दिलं नाही. तिथला हवालदार मूळचा बलुची होता आणि उर्दूत चांगलं बोलत होता. तो आत जाऊन अधिकाऱ्याला विचारून आला.

"बहन, चीज़ किसकी है, हमको मालूम है. बुदैया के बाग़वाले शेख़ की है, दुकानवाला भी बोलता है. वो मसला नहीं."

"तो फिर छोड़ते क्यों नहीं?"

"काग़ज़ कहाँ है? चीज़ इधर है, काग़ज़ ग़ायब. मतलब काग़ज़ किसी और के हाथ में है. वो उसको दिखाकर दूसरी चीज़ लेकर घूम सकता है. आजकल के हालात देखो." त्यानं लाईबाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "शनिवार सुबह फ़ाइल ऊपर जाएगी. फिर हमारे हाथ में कुछ नहीं."

म्हणजे नजीबनं कागद हरवला असं कुणी म्हणतच नव्हतं. त्यानं तो कुणाला तरी दिला, असं म्हणत होते. शनिवारपर्यंत कागद सापडला तर तो घरी येणार, नाहीतर कुठे जाणार ते विचारायचीही तिची छाती झाली नाही. बी.कॉम.ला पहिल्या वर्गात आलेल्या हुस्नाला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपल्याला काहीच येत नाही. पण बाहेर आल्यावर लाईबा "वेअर अब्बा?" म्हणून रडायला लागली तेव्हा ती टॅक्सीवाल्याला म्हणाली, "मनामा. सूक बाजार."

दुकानाचा मालक, ज्याला सगळे अरबाब म्हणत, काउंटरमागे मणी ओढत बसला होता. वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. "मदाम, नजीब गुड मॅन. बट कातिम नो जोक. पेपर आय गिव्ह, धिस हॅन्ड." त्यानं उजवा हात पुढे केला. "ट्यूजडे, मगरिब, ईव्हनिंग. वेनस्डे आय नॉट हिअर, सो पेपर बिफोर. कातिम इन सेफ. की विथ अन्सार."

कातिम. बंदुकीचा काहीतरी भाग असणार. तो नेमका कोणता, हे हुस्नानं विचारलं नाही. अशा गोष्टीबद्दल जितकं कमी माहीत तितकं बरं, असं तिला वाटलं. हीच तिची पहिली चूक होती, पण ती कळायला अजून वेळ होता.

दुकानातला दुसरा विक्रेता अन्सार श्रीवर्धनचा. तो लांबूनच ऐकत होता. हुस्ना त्याच्याकडे वळली तसा तो म्हणाला, "माझ्याकडे काय बघतेस भाभी? शेखच्या बागेचं काम माझं होतं. चांगली बक्षिशी देतो म्हातारा. नजीबनं गोड बोलून काढून घेतलं. आता भोग म्हणावं."

"कागद बघितलास तू?"

"बघितला ना. माझ्यासमोर घेतला आणि खाली जाऊन गाडीच्या डॅशबोर्डात ठेवला. मी खिडकीतून बघत होतो."

"खिडकीतून का बघत होतास?"

अन्सार कुत्सितपणे हसला. "जळत होतो म्हणून. खोटं कशाला बोलू?"

मंगळवारी संध्याकाळी कागद गाडीत होता. बुधवारी दुपारी नव्हता. मधल्या वेळात गाडी कुठे होती, ते हुस्नाला पाठ होतं: रात्री घराखाली. आणि चावी खिळ्याला.

३

झुबेर संध्याकाळी आला तेव्हा ती दारातच बसली होती.

"मंगळवारी रात्री तू गाडी नेलीस."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. मी भाकऱ्या थापत होते. चावी खिळ्याला नव्हती."

झुबेरनं चपला काढल्या, परत घातल्या, परत काढल्या. "एका दोस्ताला मुहर्रकला सोडायचं होतं भाभी. विमानतळावर."

"दोस्ताचं नाव?"

"तू काय पोलीस झालीस?"

"झाले. नाव सांग."

हुस्नाच्या डोक्यात वाईट वाईट येत गेलं. हा पोरगा सहा महिने इथं फुकट राहतोय, दुपारी कुठे जातो सांगत नाही, परवा नवा शर्ट घालून आला होता. तिच्या तोंडून निघून गेलं, "किती दिले रे त्या कागदाचे?"

झुबेरचं तोंड पांढरं पडलं. "भाभी, मी दादाचा भाऊ आहे." मग तो खाली बसला. "दोस्त नव्हता कुणी. मी गाडी शिकतोय. लायसन नाही. ड्रायव्हरची नोकरी मिळतेय बुदैयाला, येत नाही म्हटलं तर जाईल. म्हणून मुहर्रकच्या मोकळ्या जागेत फिरवत होतो. पोलिसांना हे सांगितलं तर मलाच आत टाकतील."

"डॅशबोर्ड उघडलास?"

"उघडला. कॅसेट शोधत होतो. गाडीच्या कागदांची पिशवी होती आणि त्यात एक घडी घातलेला कडक कागद. नवा. मी हात लावला नाही. लाईबाची कसम."

"लेकराची कसम नको." पण तिनं विश्वास ठेवला. लायसनची गोष्ट माणूस लपवतो, बनवून सांगत नाही.

मग उरला बुधवार सकाळ. आणि बुधवारी सकाळी गाडी सुजीतकडे होती.

४

सुजीत एका एअर कंडिशनरच्या कंपनीत टेक्निशियन. भला माणूस, कुणाचं काम अंगावर घेतल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाच्या खुर्च्याही तोच आणायचा, परतही तोच करायचा. दार उघडल्यावर भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, खाली बाळाच्या कपड्यांची न पाठवलेली पेटी.

"वहिनी! मी खालीच येत होतो. पोरीसाठी दूध आणलं. काही पत्ता लागला?"

"सुजीतभाऊ, बुधवारी गाडी नेलीत, तेव्हा डॅशबोर्ड उघडलात?"

"हाव. उघडला ना."

"त्यात बंदुकीच्या सामानाचा कागद होता. शिक्क्याचा."

"बंदुकीचा?" सुजीत खरंच दचकला. "नाही बाप्पा. पिशवीत गाडीचे कागद होते, दुसरं काही नव्हतं. आणि शिक्क्याचं म्हणाल तर या देशात पावाच्या पावतीवरही शिक्का असतो."

"नीट आठवा."

"नीटच आठवतं. सगळे काढून पाहिले. नाहीतर काम गॅरंटीत कसं झालं असतं? वर्कशॉपच्या गुरुप्रसादनं एक पैसा, एक फिल्स नाही घेतला." त्यानं डोळे पुसले. "वहिनी, मी खोटं काऊन बोलू? नजीबभाई नसते तर नीलमच्या तिकिटाची तारीख कोणी बदलून आणली असती?"

हुस्ना खाली आली. झुबेर म्हणतो कागद होता. सुजीत म्हणतो नव्हता. मधल्या वेळात गाडीला कुणी हात लावलेला नाही. म्हणजे दोघांपैकी एक खोटं बोलतो. आणि दोघांचीही तोंडं तिनं जवळून पाहिली होती. ती गादीवर लाईबाला थोपटत राहिली. थोपटता थोपटता तिला वाटलं, की जो खोटं बोलतोय त्याच्यापेक्षा जो खरं बोलतोय त्याच्यावर आपण संशय घेतलाय, हेच जास्त छळणार आहे.

मग तिचा हात थांबला.

गॅरंटी?

बारा वर्षांची गाडी, चौथ्या हातातली. कसली गॅरंटी?

५

शुक्रवारी सकाळी तिनं अन्सारच्या खोलीवर फोन लावला. झोपेतून उठवल्याबद्दल त्यानं आधी तिला चार शब्द ऐकवले.

"अन्सार, एकच सांग. त्या कागदावर लिहिलं काय होतं?"

"अरबीत ना? कातिम-सौत, वगैरे."

"इंग्रजीत?"

"इंग्रजी कोण वाचतंय? खाली टाइप केलेली एक ओळ होती. काय बरं… हां. 'सायलेन्सर, वन नंबर.' आणि 'व्हॅलिड' अमुक तारखेपर्यंत."

"कातिम म्हणजे सायलेन्सर?"

"मग काय वाटलं तुला, बाजाची पेटी? बंदुकीचा आवाज दाबायचं नळकांडं. म्हाताऱ्याच्या बागेत घोड्या आहेत. कावळ्यांवर बार काढला की उधळतात, म्हणून परवाना घेऊन…"

पण हुस्नानं फोन ठेवला होता. ती जिन्यानं वर धावली. सुजीतचं दार उघडंच होतं.

"सुजीतभाऊ, तुम्ही गुरुप्रसादला गॅरंटीचा कागद दाखवलात?"

"हाव. सायलेन्सरचा."

"कुठे होता तो?"

"गाडीच्या कागदांतच. 'सायलेन्सर, वन नंबर, व्हॅलिड' असं स्पष्ट…" त्याचा हात दाराच्या चौकटीवर गेला आणि तो तसाच खाली बसला.

"तुम्ही खोटं बोलला नाहीत," ती म्हणाली. "झुबेरही बोलला नाही. मीच तुम्हांला चुकीचं विचारलं. मी बंदुकीचा कागद शोधत होते आणि तुम्ही गाडीचा पाहिला होता. कागद एकच."

"मीच घालवला वहिनी. माझ्या हातानं दिला त्याले. मले वाटलं, गोवेकरानं नवा बसवला असेल, गॅरंटी बाकी असेल, नजीबभाईचा खर्च वाचेल."

"उठा. चला."

मीना सलमानला वर्कशॉपची शटरं शुक्रवारमुळे बंद होती. गुरुप्रसाद मूळ उडुपीचा. तो वर माळ्यावरच राहायचा. लुंगी सावरत खाली आला. सुजीतनं हिंदीत सांगायचा प्रयत्न केला, जमेना. मग हुस्नानंच सांगितलं.

"वो काग़ज़? कंपनी के एजंट को भेजनेवाला था मैडम, पुराने पार्ट के साथ. सील था, व्हॅलिड लिखा था. अरबी मुझे आती नहीं." त्यानं शटर वर केलं. कोपऱ्यात दहा-बारा गंजके सायलेन्सर रचलेले होते. एकाला तारेनं एक कागद बांधलेला. तार मध्येच आरपार घातलेली, बरोबर शिक्क्याच्या कडेवरून. कागदाला काळं ऑइल लागलेलं.

"ये बंदूक का था?" गुरुप्रसादनं कागद सोडवता सोडवता विचारलं आणि हात मागे घेतला, जणू तो तापला होता.

हुस्ना गंजलेल्या नळीशेजारी उभी राहून हसली. मग रडली. लाईबानं तिच्या गालावर हात ठेवला, "अम्मी, डोन्ट."

६

शनिवारी सकाळी बलुची हवालदारानं कागद उजेडात धरला. भोक पाहिलं, ऑइल पाहिलं. आत गेला. हुस्नाला आणि सुजीतला अधिकाऱ्यासमोर बोलावलं. तरुण बहरीनी माणूस होता, डोळे जागरणानं लाल. त्यानं नंबर जुळवला आणि हवालदाराला अरबीत काहीतरी विचारलं.

"काग़ज़ सही है," हवालदारानं सांगितलं. "साहब पूछते हैं, गाड़ी से निकाला किसने?"

हुस्नानं वाटेत दहा उत्तरं तयार केली होती. वाऱ्यानं उडाला. मुलीनं खेळायला घेतला. मुलीच्या नावावर टाकावा तो दोष, मुलीला कोण काय करणार? ती लाईबाकडे बघत तोंड उघडणार तोच बाजूला खुर्ची सरकली.

"मैंने," सुजीत म्हणाला. "सायलेन्सर समझके."

"सायलेन्सर तो है ही," हवालदार म्हणाला.

"गाड़ी का."

हवालदारानं ते अरबीत सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. अधिकाऱ्याच्या ओठांचा कोपरा हलला, मग तो पुन्हा सरळ झाला. त्यानं सुजीतचा सीपीआर मागून घेतला आणि समोर ठेवला. नजीबचा सीपीआर ड्रॉवरमधून काढून हुस्नाच्या दिशेनं सरकवला.

नजीब बाहेर आला तेव्हा त्याची दाढी वाढली होती. लाईबानं त्याला ओळखायला थोडा वेळ घेतला. हवालदारानं त्याला आत सगळं सांगितलं होतं. तिनं मिठी मारायच्या आधीच त्यानं विचारलं, "सुजीत कुठाय?"

"आत. जबाब लिहून घेतायत."

"माझ्यामुळे?"

"कुणामुळेच नाही," हुस्ना म्हणाली. आणि तेच तर भयंकर होतं. चोर असता तर त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या.

सुजीतला त्याच संध्याकाळी सोडलं. पण चौकशी संपेपर्यंत दर शनिवारी हजेरी लावायची आणि देश सोडायचा नाही, असं सांगितलं. अरबाबनं नजीबचा हात हातात घेतला, "यू गुड मॅन," म्हणाला आणि व्हिसा कॅन्सल केला. खलास. अशा भानगडीत नाव आलेला माणूस बंदुकीच्या दुकानात ठेवणं त्याला झेपणारं नव्हतं. झुबेर बुदैयाच्या बागेवर कामाला लागला, ड्रायव्हर म्हणून नाही, पाणी सोडायला. जाताना तो भाभीशी नीट बोलला. तरी "किती दिले रे" हे तो विसरला नसणार.

देशी निघायच्या दिवशी हुस्ना वर गेली होती. सुजीत दारात उभा राहिला, आत या म्हणाला नाही. ड्युटी नाही, चौकशी मिटेपर्यंत कंपनीनं घरी बसवलंय, एवढंच बोलला. मुलगा झाल्याचं नीलमनं कळवलं होतं. त्यानं अजून फोटोसुद्धा पाहिला नव्हता. "वहिनी, मी तर फक्त खर्च वाचवत होतो," तो म्हणाला, जसं काही हुस्नाला अजून पटायचं बाकी होतं.

आता हुस्ना खेडजवळच्या आपल्या गावी आहे. नजीब एका किराणा दुकानात बसतो. अकोल्याहून नीलमचा फोन येतो, एसटीडी बूथवरून, मागे बाळ रडत असतं. ती विचारते, "यांचं काही कळलं का? फोन वाजतो, कुणी उचलत नाही." अन्सारला विचारलं तर तो म्हणतो, बघतो, आणि बघत नाही. झुबेरकडे अजून लायसन नाही आणि बुदैयाहून बस दुर्मिळ.

म्हणून ही गोष्ट वाचणाऱ्यांना हुस्नाचं एकच सांगणं आहे. तुमचं कुणी बहरीनला असेल, भाऊ, जावई, गाववाला, तर त्याला गुदैबियात पाठवा. निळ्या फाटकाची इमारत, तिसरा मजला, डावीकडचं दार. बेल बिघडलेली आहे, दार हातानं वाजवा आणि लगेच परत फिरू नका, तो उशिरा उघडतो. कागदाचं, पोलिसांचं काही बोलू नका. नुसतं विचारा, सुजीतभाऊ, जेवलात का? आणि काय म्हणाला, ते आम्हांला कळवा.